घराच्या नूतनीकरणात व्हॉल्टेड सीलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचं काम काढलं की कधीतरी हा विषय निघतोच: हे सपाट सीलिंग काढून खोली थेट छपरापर्यंत मोकळी केली तर? कल्पना खरोखर चांगली आहे. क्षेत्रफळ एका इंचानेही न वाढता खोली मोठी वाटते आणि उजेड आत खोलवर पोचतो. पण सपाट सीलिंग म्हणजे नुसतं झाकण नसतं. बऱ्याच घरांत ते समोरासमोरच्या भिंतींना बांधून ठेवतं, वरची उष्णता अडवतं, वायरी आणि पाइप पोटात घेतं, आवाज आटोक्यात ठेवतं. ते काढण्याआधी यातलं प्रत्येक काम पुढे कोण करणार, हे ठरलं पाहिजे. खालचे बहुतेक प्रश्न फिरून याच मुद्द्यापाशी येतात.

या पानावर ‘छप्पर’ म्हणजे कौलं, पत्रा किंवा स्लॅब असलेला बाहेरचा भाग आणि ‘सीलिंग’ म्हणजे खोलीत उभं राहून वर दिसणारा भाग.

व्हॉल्टेड सीलिंग नक्की कशाला म्हणायचं?

भिंतीच्या माथ्यावर सपाट न थांबता तिथून वर चढत जाणाऱ्या सीलिंगला. घरांमध्ये सर्वांत जास्त दिसतो तो दोन उतारांचा प्रकार: दोन्ही बाजूंनी चढून मधोमध आढ्याला (छपराच्या सर्वांत उंच आडव्या रेषेला) मिळणारा. एकाच बाजूला चढणारं एकपाखी सीलिंग असतं, अर्धगोल बोगद्यासारखा बॅरल व्हॉल्ट असतो आणि दोन बॅरल एकमेकांना छेदले की ग्रॉइन व्हॉल्ट होतो. शेवटचे दोन प्रकार राहत्या घरात बहुतेक वेळा खोट्या सांगाड्यावरच करतात. नूतनीकरणात खरा प्रश्न पहिल्या दोन प्रकारांचा असतो, म्हणून इथे भर त्यांच्यावर आहे.

माझ्या घरात हे होऊ शकेल का?

तीन गोष्टी बघा. एक, खोलीच्या वर थेट छप्पर आहे का? वर दुसरा मजला असेल तर विषय तिथेच संपतो. दोन, छपराला पुरेसा उतार आहे का? १५ अंशांच्या आसपासचा किंवा त्याहून कमी उतार असेल तर एवढा खटाटोप करून जेमतेम दोन-अडीच फूट उंची हाती लागते. मला तो व्यवहार पटत नाही. ३० अंश किंवा त्याहून जास्त उतार असेल तर खोलीचं रूप पालटतं. तीन, छप्पर कशावर उभं आहे: सुट्या वाशांवर, जोडलेल्या कैच्यांवर (त्रिकोणी सांगाड्यांवर), की काँक्रीटवर? पुढची सगळी गणितं या तिसऱ्या उत्तरावर ठरतात.

चारही बाजूंना उतरणारं छप्पर असेल तर काम बरंच अवघड होतं. आढ्याची दोन्ही टोकं भिंतीवर टेकलेली नसतात, कोपऱ्यांतून तिरप्या चढणाऱ्या कोनवाशांवर तोललेली असतात. अशक्य नाही, पण इंजिनिअरचं डिझाइन हातात येईपर्यंत स्वप्न रंगवू नका.

इंजिनिअर येण्याआधी मी स्वतः काय पाहू शकतो?

भर दुपारी टॉर्च घेऊन माळ्यावर, म्हणजे सीलिंग आणि छपरामधल्या पोकळीत, जा. पाय फक्त तुळयांवर ठेवा, दोन तुळयांमधल्या बोर्डावर नाही. आधी टॉर्च बंद करून पाच मिनिटं नुसते बसा. डोळे अंधाराला सरावले की छपरात जिथे जिथे भोक आहे तिथे उजेडाचे ठिपके दिसू लागतात. पावसाचं पाणी बहुधा तिथूनच येतं. मग टॉर्च लावून वाशांवरून नजर फिरवा. पाण्याचे तपकिरी ओघळ, वाळवीच्या मातीच्या नळ्या, खिळ्यांभोवतीचा काळा गंज यांचे फोटो काढून ठेवा.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे वाशाचं खालचं टोक, जिथे तो वळचणीपाशी भिंतीवर टेकतो. कुजायला सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते आणि खालून ते कधीच दिसत नाही. तिथे पेचकसाचं टोक दाबून बघा. निरोगी लाकूड दाद देत नाही, टोक वरच्या वर घसरतं. कुजलेल्या लाकडात ते सहज आत शिरतं आणि बाहेर काढलं की ओलसर भुगा चिकटून येतो. दोन-चार ठिकाणी असं झालं तर आधी छप्पर दुरुस्त करायचं, सीलिंगचा विचार नंतर.

खाली उतरल्यावर भिंतींना बाहेरून ओळंबा लावा. भिंतीचा माथा बाहेर झुकलेला आढळला, किंवा लांबून पाहताना आढं मध्यभागी खाली बसलेलं दिसलं, तर छपराचा रेटा आजच भिंतींना झेपत नाहीये. अशा घरात एकही तुळई काढायची नाही.

माळ्यावरच्या आडव्या तुळया काढल्या तर नेमकं काय बिघडतं?

घडीच्या शिडीच्या दोन पायांमधली साखळी आठवा. साखळी आहे तोवर शिडी उभी. ती काढली की वरच्या माणसाच्या वजनाने पाय फाकतात. दोन वासे म्हणजे शिडीचे दोन पाय आणि आडवी तुळई म्हणजे साखळी. छपराचं वजन वाशांना खाली दाबतं, वाशांची खालची टोकं बाहेर सरकू पाहतात आणि तुळई त्यांना धरून ठेवते. तुळई गेली की तो रेटा भिंतीच्या माथ्यावर येतो. विटांची भिंत वरून येणारं वजन उत्तम पेलते, आडवा रेटा मात्र तिला सोसत नाही. जुन्या गॉथिक चर्चना बाहेरून कमानदार दगडी टेकू दिलेले दिसतात, ते आतल्या व्हॉल्टचा असाच आडवा रेटा जमिनीत उतरवण्यासाठी.

हा रेटा किती असतो, याचा अंदाज आकड्यांनी येतो. खोलीची रुंदी ५ मीटर, छपराचा उतार ३० अंश, वासे ६० सेंटिमीटरवर आणि छपरावर एकूण भार चौरस मीटरला १०० किलो धरू. प्रत्येक जोडीतले वासे भिंतीला साधारण १३० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ढकलतात. खोली ६ मीटर लांब असेल तर एका भिंतीवर एकूण सव्वा ते दीड टन. हाच उतार १५ अंशांवर आणला तर जोडीमागे रेटा २८० किलोंच्या घरात जातो, आणि ४५ अंशांवर नेला तर ७५ किलोंपर्यंत उतरतो. म्हणजे उतार जितका कमी तितका धोका जास्त. कमी उताराची छपरं साधी आणि निरुपद्रवी दिसतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

नुकसान लगेच दिसेलच असं नाही. तुळया कापल्या आणि काही झालं नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. लाकूड हळूहळू वाकतं, भिंत दर पावसाळ्यात, दर वादळात थोडी थोडी सरकते. मग एके दिवशी भिंत आणि सीलिंगच्या सांध्यात आडवी भेग दिसते.

मग तुळयांऐवजी काय करायचं?

चार मार्ग आहेत, आणि कोणता घ्यायचा हे इंजिनिअरनेच ठरवायचं.

पहिला मार्ग म्हणजे आढ्याखाली भार पेलणारी मोठी तुळई टाकणं. वासे वरून तिच्यावर टेकतात, ती आढ्याला खाली बसू देत नाही, म्हणून वासे फाकत नाहीत आणि भिंतीवर रेटाच येत नाही. खोली पूर्ण मोकळी मिळते, म्हणून मला हा सर्वांत पसंत. पण वरच्याच उदाहरणात छपराचा एकूण भार ३ टन आहे. त्यातला अर्धा, म्हणजे दीड टन, या तुळईवर येतो आणि तिच्या दोन्ही टोकांना पाऊण-पाऊण टन असा एकवटून खाली उतरतो. टोकाखाली खांब हवा, खांबाखाली पाया हवा. तिथे नेमकी मोठी खिडकी असेल तर खिडकीवरचं लिंटेल हा भार पेलणार आहे का, हे तपासायला हवं. इथे हयगय केली की तुळई भक्कम राहते आणि भिंतीला तडे जातात.

दुसरा, आडव्या तुळया तशाच ठेवून थोड्या वर सरकवणं. त्या छपराच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांश भागातच राहिल्या पाहिजेत. त्याहून वर गेल्या तर वासे मध्येच वाकू लागतात. सीलिंग आढ्यापर्यंत पोचत नाही आणि मध्ये सपाट पट्टा राहतो, पण काम तुलनेने सोपं असतं.

तिसरा मार्ग तुळयांऐवजी पोलादी सळ्यांचा. ठरावीक अंतरावर बारीक सळ्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणून बसवतात. त्या दिसतात, पण नजरेला फार अडवत नाहीत. जुन्या घरात त्या शोभूनही दिसतात.

चौथा मार्ग, छप्पर पूर्ण बदलायचं असेल तर सिझर ट्रस नावाच्या कैच्या बसवणं. यात खालच्या बाजूलाही उतार असतो, पण बाहेरच्या उतारापेक्षा कमी, साधारण निम्मा. आत-बाहेर वेगळे उतार असल्यामुळे मधल्या पोकळीत इन्सुलेशनला (उष्णता अडवणाऱ्या थराला) भरपूर जागा मिळते.

आढ्याजवळ वाशांना जोडणारे लहान आडवे तुकडे ठोकले तर भागत नाही का?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. आढ्याजवळचे ते तुकडे वाऱ्याच्या उचलीने दोन वासे आढ्यापासून सुटू नयेत म्हणून असतात. ते इतके वर असतात की खालच्या टोकांचा रेटा त्यांना धरता येत नाही. कुणी ‘वर पट्ट्या मारतो, खालच्या काढून टाकू’ म्हणालं तर काम थांबवा.

माझ्या छपराला कैच्या आहेत. त्यातले मधले तिरपे भाग काढता येतील?

येणार नाहीत. कैचीतला प्रत्येक तुकडा, मग तो लाकडाचा असो की लोखंडी अँगलचा, ताण किंवा दाब घेत असतो. एक कापला की सगळी कैची निकामी होते. पर्याय दोनच आहेत. कैच्या बदलायच्या, किंवा त्या आहेत तशा उघड्या ठेवून सीलिंग वाशांच्या पातळीवर न्यायचं. दुसऱ्या पर्यायाचा मी लोकांना आवर्जून विचार करायला लावतो. घासून, तेलपाणी करून उघड्या ठेवलेल्या जुन्या लाकडी कैच्या नव्या कुठल्याही सजावटीपेक्षा देखण्या दिसतात. जुने सांधे झाकून न टाकता तपासून घ्या, एवढंच.

वर सपाट काँक्रीट स्लॅब आहे. मग?

वर चढायला जागाच नाही, त्यामुळे खरं व्हॉल्टेड सीलिंग होणार नाही. बोर्ड वाकवून खोटा बॅरल करता येतो, पण त्यासाठी कडेला उंची गमवावी लागते. १० फुटांहून कमी उंचीच्या खोलीत ते करू नये, खोली दबकी वाटते. स्लॅब मुळातच उतरता असेल आणि त्याखाली फॉल्स सीलिंग असेल तर मात्र तुमचं नशीब चांगलं आहे: ते उतरवा, वर तयार उतार मिळेल. दोन बाजूंना जोडणारे काँक्रीटचे आडवे बीम दिसले तर त्यांना हात लावू नका.

विटांची खरी कमान बांधून घेता येईल?

नव्या बांधकामात येईल, उभ्या घरात सहसा नाही, कारण तिचा आडवा रेटा सोसतील अशा जाड भिंती आधी हव्यात. आकारही नीट निवडावा लागतो. रॉबर्ट हूक यांनी १६७५ मध्ये मांडलेला नियम आजही लागू आहे: लोंबती साखळी जो बाक घेते, तोच उलटा केला की कमान फक्त दाबावर उभी राहते.

टोकाच्या त्रिकोणी भिंतीचं काय? ती तर कुणी हलवत नाही.

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम घेतला. आढ्यापर्यंत चढणाऱ्या त्रिकोणी भिंतीला मध्यावर सीलिंगच्या सांगाड्याचा आधार असतो. सीलिंग काढलं की ती भिंत एकसंध आणि खूप उंच उरते. जोराचा वारा किंवा भूकंपाचा धक्का आडवा येतो तेव्हा ती मधूनच वाकते. भूकंपात सर्वांत आधी पडणाऱ्या भागांमध्ये ही त्रिकोणी भिंत असते. लाकडी सांगाड्याच्या भिंतीत उभे खांब जमिनीपासून छपरापर्यंत अखंड असावेत, सीलिंगच्या जुन्या पातळीवर जोड नसावा. विटांच्या भिंतीत उताराच्या कडेने काँक्रीटचा पट्टा घालून तो छपराशी बांधावा. इंजिनिअरच्या नकाशात याचा उल्लेख नसेल तर विचारा.

सीलिंग किती उंच असावं?

खोलीच्या रुंदीवरून ठरवा. आढ्यापाशी जमिनीपासूनची उंची खोलीच्या रुंदीहून जास्त होऊ लागली की विहिरीच्या तळाशी बसल्याचा भास होतो. अरुंद खोलीत एकपाखी उतार बरा. मोठ्या बैठकीच्या खोलीत दोन उतारांचं सीलिंग खुलतं. झोपण्याच्या खोलीत मला फार उंची आवडत नाही. तिथे अंगावर यावी इतकी पोकळी नको असते.

ठरवण्याआधी एक प्रयोग करा. खोलीच्या टोकाच्या भिंतीवर रंगाच्या चिकटपट्टीने नवा उतार जेवढा दिसेल तेवढा काढा, उरलेला माळ्यात जाऊन मोजा आणि दोन्ही मिळून कागदावर मापात चितारा. त्यात माणूस उभा काढा. नुसत्या आकड्यांपेक्षा त्या माणसाकडे बघून निर्णय लवकर होतो.

खोली जास्त तापेल किंवा गार पडेल का?

काही केलं नाही तर नक्कीच. ४ बाय ५ मीटरच्या खोलीत ३ मीटरवर सपाट सीलिंग असताना ६० घनमीटर हवा असते. दोन्ही कडांना ३ मीटर आणि आढ्याला ४.५ मीटर उंची केली की ती ७५ घनमीटर होते. म्हणजे गार किंवा गरम करायची हवा एक चतुर्थांशाने वाढली. त्यात गरम हवा वर जाऊन आढ्याखाली साचते. थंडीत हीटरची ऊब डोक्यावर आणि पाय गार, असा अनुभव येतो.

पण त्याहून मोठा फरक माळ्याच्या नाहीशा होण्याने पडतो. आतापर्यंत तापलेलं छप्पर आणि तुमच्यामध्ये माळ्याची हवा होती. आता मध्ये फक्त वाशाची जाडी उरते, आणि इन्सुलेशनला तेवढीच जागा. वासा १०० मिलिमीटर जाड असेल आणि त्यातले ५० हवा खेळण्यासाठी सोडले, तर इन्सुलेशनसाठी ५० मिलिमीटर उरतात. ते पुरत नाही. मग वाशांना खालून पट्ट्या मारून जाडी वाढवायची, किंवा छप्पर उघडलंच असेल तर कडक इन्सुलेशन बोर्ड वाशांच्या वरून टाकायचा. वरून टाकणं केव्हाही चांगलं: थर अखंड राहतो, वासे आतून उघडे दिसतात आणि उंची कमी होत नाही. कौलं किंवा पत्रा येत्या काही वर्षांत बदलायचाच असेल तर दोन्ही कामं एकत्र करा.

चकचकीत फॉइल लावणार असाल तर तिच्या चमकत्या बाजूला हवेची पोकळी ठेवा. दोन थरांमध्ये चिरडून बसवलेली फॉइल उष्णता परावर्तित करू शकत नाही. पैसे वाया जातात.

सीलिंगला आतून ओल धरण्याची भीती असते म्हणतात, ते कशामुळे?

खोलीतली दमट हवा भेगांमधून वर जाते आणि थंड छपराच्या खालच्या अंगाला लागून तिचं पाणी होतं. पत्र्याला घाम सुटतो, तोच प्रकार. पूर्वी माळ्यातली हवा तो दमटपणा वाहून नेत असे. आता ते काम दोनपैकी एका पद्धतीने करावं लागतं.

हवा खेळती ठेवायची असेल तर छपराखाली, इन्सुलेशनच्या वर, वळचणीपासून आढ्यापर्यंत सलग पोकळी सोडा, निदान २५ मिलिमीटर, शक्यतो ५०. खाली हवा शिरायला जागा आणि वर आढ्याला बाहेर पडायला जागा, दोन्ही हव्यात. एक टोक बंद असेल तर उपयोग नाही. छपरात खिडकी बसवली की त्या दोन वाशांमधला मार्ग अडतो. तिथे बाजूच्या पोकळीत हवेला वाट काढून द्यावी लागते. दुसरी पद्धत पोकळीच न ठेवण्याची: बंद पेशींचा फोम वाशांमध्ये थेट फवारायचा, किंवा पुरेशा जाडीचं कडक इन्सुलेशन वरून टाकायचं. दोन्ही पद्धती चालतात. अर्धी ही, अर्धी ती असं केलं की बुरशी येते.

आणि सीलिंगला भोकं पाडणारे गोल दिवे जितके कमी तितकं बरं. प्रत्येक भोक म्हणजे दमट हवेला वर जायची वाट.

आवाज घुमेल का? पावसाचा त्रास होईल का?

घुमेल. हार्वर्डमधल्या एका व्याख्यानकक्षात वक्त्याचं बोलणं कळेनासं झालं, तेव्हा १८९५ पासून वॉलेस सॅबाइन यांनी दुसऱ्या सभागृहातल्या गाद्या आणून मोजमापं घेतली. त्यातून निघालेला नियम असा: खोलीचं आकारमान वाढलं की आवाज जास्त वेळ रेंगाळतो, आणि आवाज शोषणारं सामान वाढलं की कमी वेळ. आकारमान तुम्ही वाढवताय, तर शोषणारं सामानही वाढवा. जाड पडदे, गालिचा, पुस्तकांचं कपाट आहेच. सर्वांत चांगला उपाय म्हणजे सीलिंगला लाकडी पट्ट्या फटी ठेवून बसवायच्या आणि मागे काळं फेल्ट किंवा खनिज लोकर घालायची. बॅरल व्हॉल्टमध्ये खबरदारी जास्त हवी, कारण गोलाकार पृष्ठभाग आवाज एका ठिकाणी गोळा करतो.

पत्र्यावर पावसाचा मारा माळा असताना दबलेला ऐकू येतो. माळा गेला की बोलणं ऐकू येत नाही इतका मोठा होतो. पत्रा आणि इन्सुलेशन बोर्ड एकमेकांना घट्ट भिडवून बसवले की पत्रा कमी थरथरतो आणि बराच फरक पडतो.

दिवे कुठे लावायचे?

नुसते वर लावून भागत नाही. ३ मीटरवरचा दिवा पाऊण मीटर उंचीच्या टेबलापासून सव्वादोन मीटरवर असतो. तोच ४.५ मीटरवर नेला तर अंतर पावणेचार मीटर होतं आणि टेबलावर पूर्वीच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पडतो. म्हणून कामाचा उजेड खाली आणा: लांब दांडीचे लटकते दिवे, भिंतीवरचे दिवे, उभे दिवे. सीलिंगकडे मात्र खालून वर जाणारा मंद उजेड सोडा, उतार आणि वासे त्यानेच उठून दिसतात. उतारात बसवायचे दिवे मान वळवता येणारे घ्या, नाहीतर ते सरळ डोळ्यांत मारतात. आणि प्रत्येक दिव्याबाबत विचारा, हा बिघडला तर हात कसा पोचणार?

पंख्याचं काय करायचं?

पंखा आढ्याला चिकटवला तर तो वरची हवा वरच ढवळतो. लांब दांडी वापरून पाती जमिनीपासून २.४ ते २.७ मीटरवर आणा. पात्याचं टोक उतारापासून निदान ४५ सेंटिमीटर लांब राहिलं पाहिजे. दांडी ओळंब्यात लटकली पाहिजे, त्यासाठी उतारावर बसणारा खास जोड मिळतो. हूक तुळईत किंवा लोखंडात बसवा, बोर्डात नाही. थंडीत पंखा उलट्या दिशेने मंद फिरवला की वर साचलेली ऊब भिंतींच्या कडेने खाली येते.

छपरात खिडकी बसवावी का?

बसवा, पण दिशा बघून. सूर्य ज्या बाजूने फिरतो त्या पाख्यात (छपराच्या उतरत्या बाजूत) बसवली तर उजेडाबरोबर उष्णताही भरपूर येते. विरुद्ध पाख्यात दिवसभर एकसारखा, सावल्या न पाडणारा उजेड मिळतो. गळती काचेतून क्वचितच होते, चौकटीभोवतीच्या पत्र्याच्या जोडातून होते. वरच्या बाजूचा पत्रा कौलांखाली जायला हवा आणि खालच्या बाजूचा कौलांवर यायला हवा. तो सिलिकॉनच्या भरवशावर सोडणाऱ्या कारागिराला खिडकीचं काम देऊ नका.

लाकडी तक्तपोशी (फळ्यांचं सीलिंग) चांगली की जिप्सम बोर्ड?

जिप्सम बोर्ड स्वस्त आणि आगीत बरा, पण छप्पर वाऱ्याने, उष्णतेने सतत थोडं हलत असतं आणि बोर्डाच्या सांध्यात, विशेषतः आढ्याच्या रेषेत, भेग दिसते. तिथे लवचीक पट्टी वापरा किंवा बोर्ड भिंतीला न भिडवता बारीक फट मुद्दाम ठेवा. बोर्डामागच्या तुळईचा झोकही, म्हणजे वजनाने तिचं मध्ये खाली वाकणं, मर्यादेत हवा. प्लास्टरसारख्या ठिसूळ सीलिंगसाठी लांबीच्या ३६० व्या भागाची मर्यादा सर्रास वापरतात, म्हणजे ५ मीटरला सुमारे १४ मिलिमीटर. तक्तपोशी हे हलणं पचवते, आवाजालाही चांगली, मात्र तिच्या फटींमधून हवा निसटते. तिच्या मागे हवा अडवणारा थर लागतोच.

धूरसूचक यंत्र कुठे लावू?

आढ्याच्या जवळ, पण अगदी टोकात नाही. टोकात साचलेली हवा धुराला वर येऊ देत नाही. आढ्यापासून १० सेंटिमीटर खाली सोडून, पण आढ्यापासून ९० सेंटिमीटरच्या आत लावा.

जुनं सीलिंग उतरवताना काय सांभाळायचं?

जुन्या घरातले सिमेंटचे पत्रे, सीलिंगचे बोर्ड, पाइपांवरचं आवरण यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याचे तंतू श्वासातून आत गेले तर फुप्फुसांचे असाध्य आजार होतात, आणि तेही कित्येक वर्षांनी. तपासणी झाल्याशिवाय कापू नका, ड्रिल मारू नका, झाडू नका. वायरी आधी बंद करून वळवून घ्या. माळ्यावर पाण्याची टाकी असेल तर ती कुठे जाणार, हे नकाशा काढतानाच ठरलं पाहिजे.

आधी कुणाला बोलवायचं? परवानगी लागते का?

आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग आर्किटेक्ट, मग सुतार आणि गवंडी. उलट क्रमाने गेलात तर आधी खर्चाचा आकडा ठरतो आणि मग तुळई त्यात बसवायची ओढाताण होते. छपराची बाहेरची उंची बदलत नसली तरी भार पेलणारा भाग बदलतोय, म्हणून बहुतेक ठिकाणी परवानगी लागते. स्थानिक बांधकाम कार्यालयात लेखी विचारा. शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर त्यालाही आधी सांगा.

कामाचा क्रम कसा असावा?

तपासणी, डिझाइन, परवानगी. मग टेकू लावून छप्पर तोलून धरायचं. मग खांब, नवी तुळई, सळ्या, जे ठरलं असेल ते सगळं बसवून घट्ट करायचं. त्यानंतरच जुन्या आडव्या तुळया एकेक करून काढायच्या. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, आणि प्रत्येक टप्प्यावर दोन्ही भिंतींमधलं अंतर फितीने मोजून भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवायचं. ते अंतर ५ मिलिमीटरनेही वाढलं तर हात थांबवायचे आणि इंजिनिअरला बोलवायचं. पुढे छपराची गळती, वायरिंग, इन्सुलेशन, आणि बोर्ड चढण्याआधी सगळ्या सांध्यांचे फोटो. पुढे कधी खिळा मारायचा झाला तर वायर कुठून गेली आहे हे फोटोच सांगतील.

परांची उतरवण्याआधी रंगाचे सगळे हात, दिवे आणि पंखा पूर्ण करून घ्या. तीच पुन्हा बांधायची म्हणजे जवळजवळ सुरुवातीइतका खर्च.

काम चालू असताना घरात राहता येईल का?

त्या खोलीत नाही. बाकीच्या घरात राहता येतं, पण दाराला जाड प्लास्टिकचा पडदा लावून कडा चिकटपट्टीने बंद करा, कारण माळ्यावरची वर्षानुवर्षांची धूळ घरभर पसरते. दमा असलेलं माणूस किंवा तान्हं मूल घरात असेल तर जुनं सीलिंग उतरवण्याचे दिवस दुसरीकडे काढा. टेकू उभे असताना वरच्या छपराखाली कुणीही झोपायचं नाही, आणि कौलं काढलेली असतील तर रोज संध्याकाळी ताडपत्री बांधल्याशिवाय कामगारांना सोडू नका.